वरची पांढरी एक

ऑपेराच्या नायकाचा उंच पुरुषी आवाज, त्याला टेनर म्हणतात. पेटीच्या मधल्या पांढरी एकवरून पुरे सप्तक चढले की जी वरची पांढरी एक लागते, तिच्यावर टेनरची परीक्षा होते. विद्यापीठात इटालियन ऑपेरा शिकणारा विशीतला विद्यार्थी या एका स्वरासाठी झुरत असतो. पण ही परीक्षा फारशी जुनी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी गायक तो स्वर हलक्या, मस्तकात घुमणाऱ्या आवाजात लावीत आणि रसिक त्यातच नजाकत मानीत.

१८२९ साली रोसिनीचा 'विल्यम टेल' पॅरिसमध्ये रंगभूमीवर आला, तेव्हा आर्नोल्डची भूमिका आदोल्फ नूरीने केली. नूरी मोठा जाणता नट. तेथील कंझर्व्हेटरीत तो शिकवीतही असे. १८३१ साली इटलीतील लुक्का येथे हीच भूमिका जिल्बेर दुप्रेने केली आणि तो स्वर भर छातीच्या आवाजात लावला. स्वरयंत्र खाली ठेवून त्याने आवाजाला गडद भरदारपणा आणला होता. १८३७ साली पॅरिसने तो स्वर ऐकला आणि श्रोते वेडे झाले. रोसिनीला मात्र तो मान कापल्या जाणाऱ्या कोंबड्याच्या ओरडण्यासारखा वाटला, असे सांगतात.

दुप्रेला आणावयाचे ठरताच नूरीने पॅरिसचा ऑपेरा सोडला. पुढच्याच वर्षी तो नेपल्सला दोनिझेत्तीकडे इटालियन पद्धत शिकावयास गेला. छत्तीस वर्षांचा, कीर्तीच्या शिखरावर चढून आलेला हा गायक पुन्हा विद्यार्थी होऊन बसला! त्याच्या चरित्रातील हा भाग मला नेहमी चटका लावतो. दोनिझेत्तीने त्याच्या गाण्यातला फ्रेंच अनुनासिकपणा घालविला. आवाजाला भर आली. पण ज्या मृदू मस्तकस्वरासाठी तो नावाजला होता, तोच हरपला. त्याच्यासाठी रचलेल्या 'पोलिउतो' या ऑपेरावर नेपल्सच्या राजाने बंदी घातली. ८ मार्च १८३९ रोजी नूरीने उंचावरून उडी टाकून जीव दिला.

याचा सारा भार शिक्षणावर टाकणे अन्यायाचे होईल. नूरीचे मन आणि प्रकृती दोन्ही ढासळली होती. दोनिझेत्तीने शिष्याने मागितले तेच दिले. तरीही वाटते, गुरूने काय दिले याबरोबरच काय काढून घेतले, याचाही हिशेब मांडला पाहिजे. दुप्रे स्वतः १८४२ पासून कंझर्व्हेटरीत शिकवू लागला. त्याचाही आवाज फार काळ टिकला नाही.

म्हणून आजचा जाणता शिक्षक वरच्या पांढरी एककडे एकदम धाव घेत नाही. मधल्या सप्तकातील काळी तीनच्या आसपास छातीचा आणि मस्तकाचा आवाज एकमेकांस मिळतात. तो सांधा बेमालूम होईपर्यंत तो विद्यार्थ्याला तेथेच, हलक्या आवाजात घोळवीत ठेवतो. विद्यार्थी कंटाळतो, टाळ्यांचा स्वर मागतो. त्याला तेव्हा थांबविणे कठीण असते. पण नूरीची हकीकत ठाऊक असलेला गुरू त्याला थांबवितो.