‘सहन कर’ म्हणण्याचा इतिहास

पाळीतलं दुखणं ही काही आजकालची तक्रार नाही. चरकसंहितेत ‘उदावर्तिनी’ नावाचा विकार सांगितलाय. पाळी येताना कळा येतात आणि स्राव सुरू झाला की आराम पडतो, असं त्याचं वर्णन आहे. म्हणजे ‘हल्लीच्या मुली नाजूक’ हे म्हणणं तिथेच निकालात निघतं.

आता एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत जाऊ. 1873 मध्ये बोस्टनच्या डॉ. एडवर्ड क्लार्क यांनी पुस्तक लिहून सांगितलं की, मुलींनी मुलांसारखा अभ्यास केला तर त्यांच्या प्रजननसंस्थेचं नुकसान होतं. त्याला उत्तर दिलं डॉ. मेरी पटनम जेकोबी यांनी. त्यांनी काय केलं? बायकांनाच विचारलं! प्रश्नावल्या पाठवल्या, 268 जणींची उत्तरं आली. शिवाय नाडी, तापमान, ताकद मोजली. निष्कर्ष असा की, सरसकट सगळ्यांना सक्तीच्या विश्रांतीची गरज नाही. या निबंधाला 1876 चं हार्वर्डचं बॉयल्स्टन पारितोषिक मिळालं.

पण ज्यांना खरोखर दुखतं, त्यांचं काय? विसाव्या शतकातही अनेक डॉक्टर म्हणत राहिले, ‘हे मनाचे खेळ आहेत.’ मग 1957 मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डच्या पिकल्स यांना पाळीच्या स्रावातच स्नायू आकुंचित करणारा पदार्थ सापडला. ही प्रोस्टाग्लँडिन्स. ती जास्त झाली की गर्भाशय जोरात आवळतं, त्याचा रक्तपुरवठा कमी पडतो आणि कळा येतात. मळमळ, जुलाब होतात तेही बरेचदा यामुळेच. 1971 मध्ये जॉन व्हेन यांनी दाखवलं की ॲस्पिरिनसारखी औषधं प्रोस्टाग्लँडिन्स तयार होणंच थांबवतात. 1982 च्या नोबेलमध्ये त्यांचाही वाटा होता.

म्हणून तर आयब्युप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिडची गोळी दुखणं अंगावर काढून झाल्यावर नाही, तर सुरुवातीलाच घेतली की जास्त उपयोगी पडते. मात्र ती जेवणानंतर घ्यायची. अल्सर, दमा किंवा किडनीचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

आणि हे नीट ऐका. गोळीने भागत नसेल, दुखण्यामुळे शाळा-कामावर जाता येत नसेल, दुखणं वर्षागणिक वाढत असेल किंवा आधी नव्हतं आणि पंचविशीनंतर सुरू झालं असेल, पाळी नसतानाही ओटीपोट दुखत असेल, संबंधाच्या वेळी किंवा शौचाला त्रास होत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. एंडोमेट्रिओसिस, फायब्रॉइड यांसारखं कारण असू शकतं. दर तासाला पॅड भिजत असेल, ताप किंवा चक्कर असेल, किंवा गरोदरपणाची शक्यता असताना अचानक तीव्र दुखलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

जेकोबीबाईंनी जे केलं ते आपल्यालाही घरात करता येईल. मुलगी पोट धरून बसली, की ‘सहन कर, सगळ्यांनाच होतं’ म्हणण्याआधी तिला विचारा, ‘किती दुखतंय? कधीपासून?’ आणि ती सांगेल त्यावर विश्वास ठेवा.