अंगणातला साल्व्हिया आणि हमिंगबर्डची हजेरी

हमिंगबर्ड हा पक्षी फक्त उत्तर व दक्षिण अमेरिकेत आढळतो. अलास्कापासून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत त्याच्या सुमारे ३६० जाती पसरलेल्या आहेत. भारतात मात्र एकही नाही. पुण्या-मुंबईच्या बागेत ‘हमिंगबर्ड पाहिला’ असे कोणी सांगितले, तर तो बहुधा शिंजीर असतो, नाहीतर फुलासमोर तरंगत मध पिणारा हॉक मॉथ हा पतंग. कॅलिफोर्निया, टेक्सास वा न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना मात्र हा पक्षी घराच्या मागच्या अंगणात भेटू शकतो. त्याला बोलावण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे साल्व्हियाची लागवड.

साल्व्हिया ही तुळशीच्याच कुळातील वनस्पती. चौकोनी खोड, चुरगळल्यावर दरवळणारी पाने आणि दोन ओठांचे फूल ही या कुळाची ओळख. साल्व्हियाच्या जगभरात हजाराच्या आसपास जाती असून एकट्या मेक्सिकोत सुमारे तीनशे आढळतात. स्वयंपाकातील सेज आणि अलीकडे आपल्याकडेही रुळलेले चिया बी ही याच प्रजातीची देणगी. महाराष्ट्रातील रोपवाटिकांत हिवाळ्यात मिळणारा लालभडक साल्व्हिया मूळचा ब्राझीलचा.

फूल आणि चोच यांची जोडी कशी जुळली, हे पाहण्यासारखे आहे. मधमाश्यांवर अवलंबून असणाऱ्या साल्व्हियांत पुंकेसराची तरफ असते. माशी आत शिरताच ती खाली झुकते आणि पराग माशीच्या पाठीवर टेकवते. जर्मन अभ्यासक क्रिस्टियान कोनराड श्प्रेंगेल यांनी १७९३ मध्ये या रचनेचे वर्णन केले. पक्ष्यांसाठी घडलेल्या जातींत फुलाची नळी लांब व अरुंद झाली, माशीला बसायला लागणारा खालचा ओठ आखडला आणि अनेक जातींत तरफही निकामी झाली. पक्षी हवेत तरंगतच चोच आत घालतो आणि पराग त्याच्या चोचीला वा कपाळाला लागतो. अशी फुले बहुधा लाल असतात, कारण मधमाशीला लाल रंग नीट दिसत नाही आणि मध पक्ष्यासाठी शिल्लक राहतो. तरीही लाल रंगाचा फार बाऊ करू नये. साल्व्हिया ग्वारानिटिका या दक्षिण अमेरिकी जातीची गडद निळी फुलेही हमिंगबर्डना तितकीच प्रिय आहेत.

या पक्ष्याला खाण्याची एवढी घाई का? पूर्व अमेरिकेतील रुबी-थ्रोटेड हमिंगबर्डचे वजन सुमारे तीन ग्रॅम, म्हणजे रुपयाच्या नाण्यापेक्षाही कमी. पंखांची फडफड सेकंदाला पन्नासेक वेळा. गारठलेल्या रात्री शरीराचे तापमान उतरवून हा जीव सुप्तावस्थेत जातो आणि पहाट होताच त्याला मध लागतो. त्यामुळे बागेत एकच ताटवा महिनाभर फुलवण्यापेक्षा फुलांची साखळी वर्षभर तुटू न देणे महत्त्वाचे.

कॅलिफोर्नियाच्या किनारपट्टीवर हे सहज साधते, कारण तेथे अ‍ॅनाज् हमिंगबर्ड बारमाही मुक्कामाला असतो. तेथील मूळचा ‘हमिंगबर्ड सेज’ (साल्व्हिया स्पाथासिआ) वसंतात ओकच्या सावलीतही फुलतो व जमिनीखालील खोडाने पसरतो. मायक्रोफायला आणि ग्रेगी या झुडपी जाती वसंतापासून थंडीच्या तोंडापर्यंत फुलत राहतात. लाल-पांढऱ्या फुलांचा ‘हॉट लिप्स’ हा वाण याच गटातला. उन्हाळा सरता सरता मखमली जांभळ्या कणसांचा ल्यूकँथा येतो, तर शरदात अननसाच्या वासाच्या पानांचा एलेगन्स. न्यू जर्सीत गणित वेगळे. रुबी-थ्रोटेड तेथे एप्रिलच्या अखेरीस येतो आणि सप्टेंबर संपता संपता दक्षिणेकडे निघतो. तेथे बियांपासून झटपट वाढणारा लाल कॉक्सिनिया वर्षायू म्हणून लावावा. ग्वारानिटिकाचे कंद मात्र डेलियाप्रमाणे हिवाळ्यात काढून ठेवता येतात.

लागवडीत अवघड असे थोडेच. बहुतेक जातींना रोज किमान सहा तास ऊन आणि पाण्याचा निचरा होणारी माती हवी. खताचा मारा केल्यास पाने माजतात, फुले रुसतात. उन्हाळ्याच्या आरंभी कोवळ्या फांद्यांची कलमे सहज मुळे धरतात. सगळे साल्व्हिया मात्र एकाच वाफ्यात लावू नयेत. हमिंगबर्ड भलता भांडखोर असतो. एकच नर सारा ताटवा अडवून बसतो. झाडे घराच्या दोन बाजूंना, एकमेकांआड लावली तर इतरांनाही वाटा मिळतो.

साखरपाण्याचा फीडर टांगायचा असल्यास प्रमाण एक वाटी पांढऱ्या साखरेला चार वाट्या पाणी. गूळ, मध वा तपकिरी साखर वापरू नये. लाल रंगही नको. पाणी दोन-तीन दिवसांनी, कडक उन्हाळ्यात रोज बदलावे. बुरशी धरलेला फीडर पक्ष्याच्या जिवावर बेततो.

खरा धोका कीटकनाशकांचा. हमिंगबर्ड केवळ मधावर जगत नाही. पिलांना तो चिलटे व कोळी भरवतो, त्यामुळे फवारलेली बाग त्याच्या दृष्टीने अर्धी उपाशीच. निओनिकोटिनॉइड गटातील औषधे झाडात भिनून फुलांच्या मधापर्यंत पोहोचतात. म्हणून रोप विकत घेतानाच त्यावर कोणती प्रक्रिया झाली आहे, हे विचारून घ्यावे. अलास्कापर्यंत स्थलांतर करणारा रूफस हमिंगबर्ड २०१८ पासून आंतरराष्ट्रीय लाल यादीत ‘संकटसमीप’ म्हणून नोंदलेला आहे. याउलट अ‍ॅनाज्‌ने विसाव्या शतकात बागा व फीडरच्या आधाराने आपला मुलूख दक्षिण कॅलिफोर्नियापासून थेट कॅनडाच्या किनाऱ्यापर्यंत वाढवला.

छाटणी हिवाळा सरताना करतात. ल्यूकँथा जमिनीलगत कापला तरी चालतो. ग्रेगी व मायक्रोफायला मात्र जुन्या लाकडापर्यंत छाटू नयेत. कात्री चालवण्यापूर्वी आसपासच्या फांद्या एकवार न्याहाळाव्यात. अ‍ॅनाज्‌ची मादी डिसेंबर-जानेवारीतच घरटे बांधू लागते. कोळ्याच्या जाळ्याने विणलेले, अक्रोडाएवढे ते घरटे आणि त्यातील दोन इवली अंडी पानांआड चटकन दिसत नाहीत.