गोण, खोगीर आणि सायकलचा कॅरिअर

लोणावळ्याहून पवना धरणाकडे जाताना दुधिवऱ्याची खिंड लागते. काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांची सायकल सहल घेऊन आम्ही ती खिंड उतरत होतो. एका मुलाने कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना पिशव्या अडकवल्या होत्या. चाक खड्ड्यात आपटले, उजव्या पिशवीचा आकडा सुटला आणि पिशवीचा बंद मागच्या चाकाच्या तारांत गेला. चाक जागच्या जागी थांबले. मुलगा रस्त्यावर पडला, खरचटण्यावर निभावले. पण उतार तीव्र होता आणि मागून वाहने येत होती.

पिशवी बांधली नव्हती असे नाही. ती वरून दोन आकड्यांनी अडकवलेली होती. एवढे पुरे का पडले नाही? या प्रश्नाचे बरेचसे उत्तर मावळाच्याच जुन्या वाहतुकीत सापडते.

कोकणातील बंदरे आणि देश यांना जोडणाऱ्या बोरघाटाच्या वाटेवरच कार्ले, भाजे आणि बेडसे येथील लेणी आहेत. कार्ल्याच्या शिलालेखांत धेनुकाकट येथील यवनांच्या देणग्यांची नोंद आहे, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीही या वाटेवर व्यापाराची वर्दळ होती. पुढे शतकानुशतके कोकणचे मीठ वर चढले आणि देशावरचे धान्य खाली उतरले, ते मुख्यतः बैलांच्या पाठीवरून. लमाणांचे तांडे प्रसिद्धच आहेत. सतराव्या शतकात टॅव्हर्निए या फ्रेंच प्रवाशाने दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचे वर्णन केले आहे.

बैलाची पाठ म्हणजे एक जिवंत कॅरिअर. तिच्यावर ओझे कसे टिकवायचे? पहिला नियम समतोलाचा. गोण दोन्ही कुशींवर सारखी लोंबली पाहिजे. वारकऱ्याच्या खांद्यावरची पडशी याच तत्त्वावर चालते. दुसरा नियम बांधणीचा, आणि तो आपण सहसा विसरतो. लादणीच्या जनावराचा साज नीट पाहिला तर त्यात तीन दिशांचे बंध दिसतात. पोटाखालून आवळलेला तंग ओझ्याला खाली ओढून धरतो. छातीवरून घेतलेला पट्टा चढणीवर ओझे मागे घसरू देत नाही. शेपटीखालून घेतलेली दुमची उतारावर ते पुढे मानेवर येऊ देत नाही. ओझे आणि पाठ यांच्यामध्ये असते ते भरलेले खोगीर. ‘खोगीरभरती’ हा शब्द आपण निरुपयोगी भरण्यासाठी वापरतो, पण तो खोगिरावर अन्यायच आहे. चिंध्या-गवताच्या त्या भरणामुळे ओझ्याचा दाब पसरतो, पाठ सोलवटत नाही आणि पोकळी न राहिल्यामुळे ओझे डुगडुगत नाही.

१८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. खंडाळा ते पुणे ही आगगाडी १८५८ साली धावू लागली आणि १८६३ साली घाटातला लोहमार्ग पुरा झाला. सुमारे २५ किलोमीटरमध्ये ५५८ मीटर चढणारा, २५ बोगद्यांचा आणि काही ठिकाणी ३७ स एक इतक्या चढाचा हा मार्ग त्या काळी एक आश्चर्यच होते. तांड्यांचा धंदा त्यामुळे बसला. मात्र लोहमार्गापासून दूर, पवन मावळात आणि आंदर मावळात, अरुंद वाटांवरून ओझे नेण्याची गरज राहिलीच. ती भागवायला पुढे एक नवे जनावर आले.

आजच्यासारखी, दोन सारख्या चाकांची आणि साखळीची ‘रोव्हर’ सायकल इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी १८८५ साली आणली. १८८८ साली डनलॉप यांची हवेची धाव आली. सायकल म्हणजे माणूस नेणारे वाहन अशी आपली समजूत असते. व्हिएतनामी सैन्याने मात्र १९५४ साली दिएन बिएन फूच्या लढाईत एकेका सायकलवर दोनशे किलोपर्यंत आणि त्याहूनही अधिक ओझे लादून, ती हाताने ढकलत डोंगरवाटांनी नेली. म्हणजे सायकलचा सरळ लादणीचा बैलच केला!

कॅरिअरला दोन्ही बाजूंनी अडकवायच्या पिशवीला इंग्रजीत पॅनिअर म्हणतात. मूळ अर्थ पावाची टोपली. लॅटिनमधील ‘पानिस’ म्हणजे पाव. त्यावरून फ्रेंचमार्गे हा शब्द आला. त्याच ‘पानिस’वरून पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडे ‘पाव’ आला. गोव्यात पावाची टोपली सायकलवर घेऊन भोंगा वाजवत येणारा पोदेर या दोन्ही शब्दांना पुन्हा एकत्र आणतो.

आता त्या सुटलेल्या पिशवीकडे वळू. नुसत्या वरच्या आकड्यांवर टांगलेली पिशवी हा एक लंबक असतो. तिची उंची ३५ सें. मी. आणि ओझे सारखे पसरलेले धरले, तर तिचा आंदोलनकाल जवळजवळ एक सेकंद येतो. उभे राहून चढ चढताना आपण साधारण सेकंदाला एक फेरा पायडल मारतो आणि दर फेऱ्याला सायकल डावी-उजवीकडे झुलते. दोन्ही ठेके जुळले की पिशवीचा झोका वाढत जातो. आतल्या बाजूला कॅरिअर असल्यामुळे गणित तंतोतंत लागू पडत नाही. झोका अर्ध्यावरच आपटतो. पण हे आपटणेच आकडा सैल करते. खड्डा फक्त शेवटचे काम करतो.

उपाय तोच, तंगाचा. पिशवीच्या खालच्या कडेला एक कडी शिवून घ्यावी. तिच्यातून ताणलेला रबरी पट्टा कॅरिअरचे पाय जेथे मागच्या आसाला बसवलेले असतात, तेथे अडकवावा. पट्टा ताणलेला हवा आणि त्याचे टोक आसाच्या नटाबाहेर लोंबता कामा नये. छातीपट्टा आणि दुमचीचे काम आकड्यांना करायला लावता येते: कॅरिअरच्या आडव्या दांड्याला जेथे पाय जोडलेला असतो, त्याच्या दोन्ही अंगांना एकेक आकडा टेकवला की पिशवी पुढेही सरकत नाही आणि मागेही. आपल्याकडच्या कॅरिअरचे गज बारीक आणि विकतच्या पिशवीचे आकडे रुंद असतात. मधल्या फटीत जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळावेत. ही खरी खोगीरभरती.

वर्गात हा प्रयोग सहज करता येतो. सायकलचे मागचे चाक वीतभर उचलून सोडायचे, आधी तंगाशिवाय आणि मग तंग लावून. कान दिले तरी फरक कळतो.

समतोलाचा धडा मात्र आम्हाला कामशेतजवळ एका दुधवाल्याने दिला. त्याच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन होते, खालून दोरीने आवळलेले. पहिल्या घरी त्याने डाव्या कॅनमधून दूध मापले, दुसऱ्या घरी उजव्या. आम्ही कारण विचारले, तर तो म्हणाला, “एकच रिकामा केला तर सायकल स्टँडवरूनच आडवी व्हते.”