कृतिसाहित्य, प्राथमिक शाळांतील (यवतमाळ जिल्हा)

यवतमाळ जिल्ह्यातील अंगणवाड्यांत आणि पहिली ते चौथीच्या वर्गांत मुलांनी हाताळण्याच्या वस्तू, तसेच त्यांवर बेतलेले खेळ व कृती. शिक्षकांच्या रोजच्या बोलण्यात यांना ‘टीएलएम’ (टीचिंग-लर्निंग मटेरियल) किंवा नुसते ‘साहित्य’ म्हणतात. रूढ व्याख्येत भिंतीवरचे तक्ते, रंगवलेल्या ‘बोलक्या भिंती’ आणि शिक्षकाने लांबून दाखवायची चित्रेही येतात. या नोंदीत मात्र मुलाच्या प्रत्यक्ष हाती पडणाऱ्या वस्तूंना प्राधान्य दिले आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाला संख्या आधी बोटांना कळते, आणि ज्या साहित्याला मूल हात लावू शकत नाही ते कितीही देखणे असले तरी वर्गाची सजावटच ठरते.

पार्श्वभूमी : २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २७.७ लाख असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण १८.५ टक्के आहे. केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी, राळेगाव या भागांत कोलामांचे पोड (वस्त्या) आणि गोंडांची गावे, तर पुसद, दिग्रस, महागाव, उमरखेडकडे बंजारा तांडे आहेत. त्यामुळे पहिलीच्या एकाच वर्गात वऱ्हाडी, बंजारा, गोंडी किंवा कोलामी बोलणारी मुले येऊन बसतात. यांपैकी गोंडी व कोलामी या द्राविडी कुळातील भाषा होत, कोलामीचे भाषाशास्त्रज्ञ एम. बी. एमेनो यांनी केलेले वर्णन १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले. पाठ्यपुस्तक मात्र प्रमाण मराठीत असते. वस्तू समोर ठेवली की मूल आपल्या घरचा शब्द सांगते, गुरुजी शाळेतला शब्द देतात आणि दोन्ही शब्द एकाच वस्तूला चिकटतात. बहुभाषिक वर्गात साहित्याचे मोल यासाठी अधिक आहे.

शाळेचे वेळापत्रकही ऊन आणि शेती यांच्याशी बांधलेले आहे. उन्हाळ्याच्या तीव्रतेमुळे विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी असते, आणि तांड्यांवरची अनेक कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात. मधले काही महिने शाळा बुडालेले मूल परत येते तेव्हा त्याला पानाचा क्रमांक सांगून भागत नाही. वस्तूंवर बेतलेल्या कृतीत ते जिथे थांबले होते तिथून पुन्हा सुरू करू शकते.

इतिहास : शेजारच्या वर्ध्यात ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेतून नयी तालीमची, म्हणजे गांधीजींच्या उद्योगकेंद्री शिक्षणपद्धतीची, मांडणी पुढे आली आणि १९३८ मध्ये सेवाग्राम येथे हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला. कापसाच्या या पट्ट्यात तकली (सूत कातण्याची हातचाती) हे शैक्षणिक साधन ठरले. तार मोजणे, सुताचे वजन करणे, दिवसाची नोंद ठेवणे यांतून अंकगणित शिकवावे, अशी ती कल्पना होती. शांता नारुलकर यांनी सेवाग्रामात पूर्व-बुनियादी (नयी तालीमच्या बालवाडीच्या) वर्गांचे काम उभे केले. उद्योगावरचा भर कित्येक ठिकाणी उत्पादनाच्या सक्तीकडे झुकला, अशी टीका या पद्धतीवर झाली आहे. तिच्या यशापयशाबद्दल एकमत नाही.

दुसरा प्रवाह ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांचा. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी माँटेसरी पद्धतीवर काम केले. माँटेसरीचे मूळ साहित्य महाग, म्हणून ते खेड्यात मिळणाऱ्या वस्तूंतून घडवण्याचा त्यांचा आग्रह होता. समुद्रकिनाऱ्यावरील बोर्डीला १९४५ मध्ये सुरू झालेले हे काम १९५७ मध्ये कोसबाडला गेले. मुलांना शाळेत आणण्याऐवजी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेण्याची अंगणवाडीची आणि गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळेची कल्पना तेथे आकाराला आली. अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांनी शिंपले, बिया, पाने, खडे वापरून ती पद्धत पुढे नेली. किनाऱ्याजवळचे शिंपले यवतमाळात नाहीत. तिथे त्यांची जागा चिंचोके, सागरगोटे, सीताफळाच्या बिया आणि तुऱ्हाटी घेतात.

गणिताचे साहित्य : सर्वांत उपयुक्त आणि जवळपास फुकट मिळणारे साधन म्हणजे तुऱ्हाटीच्या काड्या. तूर निघाली की बांधावर तुऱ्हाट्यांचा ढीग पडतो. कुडाच्या भिंतीला आणि चुलीला त्या लागतातच, त्यांतलीच एक मोळी शाळेला पुरते. कपाशीची पऱ्हाटी गाठाळ व वाकडी असते, तुऱ्हाटीच्या वरच्या फांद्या त्या मानाने सरळ. वीतभर लांबीचे तुकडे करून, धुऊन, उन्हात वाळवून दहा-दहाचे गठ्ठे बांधतात. बांधायला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या चकत्या चांगल्या, कारण लहान बोटांना त्या सहज काढता-घालता येतात. काड्या शक्यतो सारख्या जाडीच्या निवडाव्यात. नाहीतर जाड गठ्ठ्यात जास्त काड्या आहेत असे मुलांना हमखास वाटते. ही चूक झालीच तर मुलांनाच गठ्ठा सोडून मोजू द्यावा.

‘हातचा’ आणि ‘उसने घेणे’ या दोन जागी पहिली-दुसरीचे गणित अडते. ४३ मधून १७ वजा करायचे तर मुलापुढे चार गठ्ठे व तीन सुट्या काड्या असतात. तिनातून सात जात नाहीत. मूल एका गठ्ठ्याची चकती काढते. काड्या जमिनीवर पसरतात आणि सुट्या तेरा होतात. त्यांतून सात उचलल्या की सहा राहतात. उरलेल्या तीन गठ्ठ्यांतला एक बाजूला केला की दोन गठ्ठे व सहा सुट्या, म्हणजे २६. पाटीवर चाराचा तीन का झाला हे इथे वेगळे समजावावे लागत नाही, कारण गठ्ठा त्याने स्वतः सोडलेला असतो. गठ्ठे आयते बांधून दिले तर हा लाभ निम्मा होतो. पहिले गठ्ठे मुलांनीच बांधावेत, त्यात चार दिवस गेले तरी चालतील.

मणीमाळेत शंभर मणी, दर दहाला रंग बदललेला. ३९ वर चिमटा लावताना मूल चाळिसापर्यंत जाऊन एक मणी मागे येते, तेव्हा ‘एकोणचाळीस’ या नावाची रचना त्याला दिसते. संख्यानामांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ ही वाचनाची रीत रूढ नावांच्या जोडीने दिली होती. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरांचा अडथळा आणि दशक-एकक उलट लिहिण्याची चूक ही कारणे सांगितली. विरोधकांना त्यात भाषेचे नुकसान दिसले. झरी-जामणी, केळापूरला लागूनच तेलंगण आहे आणि तेलुगूत दशक आधी व एकक मागून म्हणतात, हेही येथे लक्षात घेण्याजोगे आहे. काड्या आणि मणी दोन्ही रीतींना सारखेच उपयोगी पडतात.

तळफळा (भिंतीच्या खालच्या भागात मुलांच्या उंचीला केलेला फळा) आणि जमिनीवर आखलेले संख्यांचे चौकोन यांचा प्रसार २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाच्या काळात वाढला. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीट (शाळांच्या देखरेखीचा गट) तेव्हा राज्यभरच्या शिक्षकांना नमुना म्हणून दाखवले गेले.

भाषेच्या कृती : अक्षरकार्डे, शब्दपट्ट्या, चित्रवाचन सर्वत्र आढळते. याहून मोलाची, पण अहवालांत क्वचित येणारी कृती भुलाबाईच्या खेळात आहे. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत विदर्भात मुली टिपऱ्यांवर गाणी म्हणतात आणि शेवटी खाऊ ओळखतात. झाकलेला डबा हलवून आवाज ऐकायचा, मग प्रश्न विचारायचे : गोड की तिखट? तळलेला की भाजलेला? ओला की कोरडा? वर्गात डब्यात खाऊऐवजी चिंचोके, खडू, बटणे ठेवून हाच खेळ घेता येतो, आणि मुलगेही त्यात रमतात. एरवी तोंड न उघडणारे मूल इथे प्रश्न विचारते, कारण डब्यात काय आहे हे त्याला खरोखर हवे असते. वाचनपूर्व तयारीच्या कोणत्याही छापील संचाइतके या डब्याला महत्त्व द्यावे, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे.

तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल वर्गात आणून त्यांची उंची वितीने मोजणे, लहान-मोठा क्रम लावणे, प्रत्येकाने आपल्या बैलाबद्दल चार वाक्ये सांगणे या कृती पोळ्याच्या आठवड्यात घेता येतात.

मैदानी खेळ : बिल्लस, लगोरी, डाबडुबली, विटी-दांडू. बिल्लसच्या जमिनीवर आखलेल्या घरांत अंक किंवा अक्षरे लिहून घेतात.

विज्ञान : अरविंद गुप्ता यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस मध्य प्रदेशातील होशंगाबाद येथे काडेपेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबपासून आकृत्या जोडण्याची रीत विकसित केली. त्यांची पुस्तके मराठीत आली आहेत. त्रिकोण दाबला तरी वाकत नाही आणि चौकोन लगेच कलतो, हे मूल त्यातून आपल्या बोटांनी पडताळते.

शासकीय योजना : खडू-फळा मोहीम (१९८७), पूर्वीच्या सर्व शिक्षा अभियानात साहित्यासाठी दर शिक्षकामागे वर्षाला ५०० रुपये, शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत वर्गनिहाय अध्यापन साहित्याची अट, निपुण भारत (२०२१), तीन ते आठ वयोगटासाठी एनसीईआरटीचा ‘जादुई पिटारा’ (२०२३). केंद्राच्या (जवळपासच्या शाळांच्या समूहाच्या) पातळीवरील शिक्षण परिषदांत साहित्याची देवाणघेवाण होते.

इंग्रजी माध्यमाच्या शाळा : मुख्यतः बाजारातील तयार संच.

सुरक्षितता : पेरणीसाठी आणलेल्या सरकीवर रसायनांचा लेप असतो, रंगीत दिसते म्हणून ती मोजणीला घेऊ नये. कीटकनाशकांच्या रिकाम्या बाटल्या, डबे, झाकणे कितीही धुतली तरी वर्गात आणू नयेत. २०१७ मध्ये फवारणीतील विषबाधेने जिल्ह्यातील अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हापासून या सूचनेचे वेगळे कारण सांगण्याची गरज उरलेली नाही. लाल-काळ्या गुंजा मुलांना आवडतात. त्या विषारी असून चावल्यास जिवाला धोका असतो. अंगणवाडीच्या वयाला चिंचोक्यांहून लहान बिया देऊ नयेत, कारण त्या नाकाकानात जातात. सीताफळाच्या बिया अखंडच वापराव्यात, फुटलेल्या काढून टाकाव्यात. त्यांची पूड डोळ्यांना अपायकारक असते.