ब्रिटनमध्ये डॉक्टरकी : नोंदणी म्हणजे नोकरी नव्हे

ब्रिटनमध्ये वैद्यकीय व्यवसाय करण्यासाठी जनरल मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी अनिवार्य आहे. भारतीय एमबीबीएस पदवीधरांसाठी त्याचा रूढ मार्ग म्हणजे ‘प्लॅब’ परीक्षा. आयईएलटीएस किंवा ओईटीद्वारे इंग्रजीचे ज्ञान सिद्ध केल्यानंतर १८० प्रश्नांचा पहिला टप्पा भारतातही देता येतो. दुसऱ्या, प्रात्यक्षिक टप्प्यासाठी मात्र मँचेस्टर गाठावे लागते.

नोंदणीमुळे नोकरीची हमी मिळत नाही. २००६ मध्ये युरोपबाहेरील डॉक्टरांची परवानामुक्त प्रशिक्षणाची सवलत रद्द झाली, तेव्हा ‘प्लॅब’ उत्तीर्ण झालेले अनेक भारतीय डॉक्टर अडचणीत सापडले. ‘हेल्थ अँड केअर वर्कर’ व्हिसासाठीही आधी नोकरी देणाऱ्या संस्थेचे प्रायोजकत्व लागते. त्यामुळे मँचेस्टरचा खर्च करण्यापूर्वी रिक्त पदे व व्हिसाचे नियम तपासून पाहणे हिताचे.