चार मीटरला पाच मिलिमीटर कमी

२०१८च्या दिवाळीआधीच्या एका रविवारी बाबा आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये टेप घेऊन उभे होते. आम्हाला मिळालेल्या जागेच्या मागे पाण्याच्या मोटरची खोली आहे. नवीन गाडी तिथे नीट बसेल का, हे त्यांना बुकिंगआधीच बघायचं होतं. बाबांनी भोसरी एमआयडीसीत तीस वर्षं टूलरूममध्ये काढली आहेत, त्यामुळे 'बसेल की साधारण' हे वाक्य आमच्या घरात चालत नाही.

आम्ही तीन गाड्यांवर अडलो होतो: फोर्ड इकोस्पोर्ट, मारुती विटारा ब्रेझा आणि टाटा नेक्सॉन. तिन्ही सोसायटीत कुणा ना कुणाकडे होत्या. बाबांनी बंपरच्या टोकावरून ओळंबा सोडला, खाली खडूने खूण केली, मागेही तसंच. "टेप धर तिकडून. ताण जरा, ढिली नको." पहिलीचा आकडा आला चार मीटरला जेमतेम कमी. दुसरीचा तोच. तिसरीचाही तोच. बाबा टेप गुंडाळत म्हणाले, "तीन कंपन्या, तिघांच्या डाय वेगळ्या, आणि माप एकच? यांचं ड्रॉइंग कोणी काढलंय?"

मी मोबाइलवर ब्रोशर उघडले. इकोस्पोर्ट ३,९९८ मिलिमीटर, ब्रेझा ३,९९५, नेक्सॉन ३,९९४. मी इंजिनिअरिंगची डिग्री घेतलेला, रोज कोड लिहिणारा माणूस. तीन वेगवेगळे प्रोग्राम एकाच आकड्याच्या एक पाऊल अलीकडे थांबत असतील, तर कुठेतरी एक 'इफ' लिहिलेला असणार, एवढं कळायला हवं होतं. तो कुठे लिहिलाय, हे मात्र मला नंतर कळलं.

तो लिहिलाय अर्थसंकल्पात. २८ फेब्रुवारी २००६ रोजी तेव्हाचे अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं. छोटी गाडी म्हणजे कोणती? लांबी ४,००० मिलिमीटरपर्यंत. पेट्रोल इंजिन असेल तर १,२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १,५०० सीसीपर्यंत. भारत हे छोट्या गाड्या बनवण्याचं जगातलं मोठं केंद्र व्हावं, असा हेतू होता. त्या वेळी रस्त्यावरची छोटी गाडी खरंच छोटी होती. मारुती ८०० ची लांबी ३,३३५ मिलिमीटर, तेव्हाच्या स्विफ्टची ३,६९५. म्हणजे नियमाने आखलेली चौकट गाड्यांपेक्षा मोठी होती. चौकटीत जागा मोकळी असली की ती भरली जाते, आणि पुढची दहा वर्षं नेमकं तेच झालं.

आधी सेडान आल्या. २००८मध्ये टाटांनी इंडिगोची डिकी आखूड करून इंडिगो सीएस काढली. २०१२मध्ये नवी स्विफ्ट डिझायर आली, तिचीही शेपटी चार मीटरच्या आत बसवलेली. गाडी पुढून व्यवस्थित आणि मागून सुरी फिरवल्यासारखी दिसायची, पण लोकांनी ती घेतली, कारण तिला डिकी होती आणि किंमत आवाक्यात होती.

उंच गाड्यांची गोष्ट आमच्या गावातून सुरू होते, हे मला माहीत नव्हतं. २००९मध्ये चिंचवडच्या प्रीमियरने, ज्या कंपनीने कधीकाळी मुंबईची पद्मिनी टॅक्सी बनवली तिनेच, रिओ नावाची चार मीटरच्या आतली एसयूव्ही बाजारात आणली. मूळ डिझाइन चिनी कंपनीकडून घेतलेलं, सुरुवातीचं डिझेल इंजिन प्यूजोच्या घराण्यातलं. ती फारशी चालली नाही. २०१२मध्ये महिंद्राने झायलो मागून कापून क्वांटो केली. तीही फार चालली नाही. त्याच वर्षी आलेली रेनॉ डस्टर मात्र धडाक्यात विकली गेली, आणि ती तर चार मीटरपेक्षा तीसेक सेंटिमीटर लांब होती. लोकांना उंच बसायचं होतं, खड्ड्यांतून खाली न घासता जायचं होतं, हे डस्टरने दाखवून दिलं. प्रश्न एवढाच उरला, की तेच सगळं कमी करात कसं बसवायचं?

याचं पहिलं पक्कं उत्तर जून २०१३मध्ये इकोस्पोर्टने दिलं. ही मूळची ब्राझीलची गाडी, तिथे २००३पासून विकली जात होती. दुसरी पिढी जगासाठी बनली, पण भारतात तिची लांबी ३,९९९ ठेवली. गंमत म्हणजे त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात एसयूव्हीवरचं शुल्क २७ टक्क्यांवरून ३० टक्के झालं होतं, आणि एसयूव्हीची व्याख्या होती: चार मीटरपेक्षा लांब, १,५०० सीसीपेक्षा मोठं इंजिन, जमिनीपासून किमान १७० मिलिमीटर उंची. इकोस्पोर्टची उंची यात बसत होती, लांबी आणि इंजिन नाही. म्हणजे जाहिरातीत एसयूव्ही आणि कराच्या कागदावर छोटी गाडी. 'कॉम्पॅक्ट एसयूव्ही' हा सगळा प्रकारच या फटीत जन्मला.

आता तिघींना शेजारी उभं करून बघू या. लांबी वाढवायची सोय नाही, म्हणून तिघींनी वर आणि बाजूला वाढायचं ठरवलं. तिघींचं बॉनेट उंच, चाकं पार कोपऱ्यांत, चाकांभोवती काळं प्लास्टिक, जेणेकरून नजर उंचीकडे जावी आणि आखूडपणा लपावा. फरक उरला तो मागच्या अर्ध्या भागात. इकोस्पोर्टने स्टेपनी मागच्या दारावर टांगली, जुन्या जीपची आठवण म्हणून. ब्रेझाने डबा स्वीकारला: सरळ काचा, सपाट छप्पर, दोन रंग, आखूडपणा लपवायच्या भानगडीत ती पडलीच नाही. नेक्सॉनने उलटं केलं. छप्पर मागे कूपेसारखं उतरवलं आणि खिडक्यांखालून हस्तिदंती रंगाचा पट्टा ओढला. चार मीटरच्या गाडीला लांब भासवायची ही सगळ्यात धीट खटपट होती. तेव्हा मला नेक्सॉन आवडायची आणि बाबांना ब्रेझा. "तिची डोकी मागे लागत नाहीत, आणि रेषा सरळ आहे," ते म्हणाले.

इंजिनांचं तसंच. १,२०० सीसीचं साधं पेट्रोल इंजिन ८०-८५ अश्वशक्ती देतं. हॅचबॅकला ते पुरतं. बाराशे किलोच्या उंच गाडीत पाच माणसं बसवून खंबाटकी चढायची असेल तर जीव कासावीस होतो. सीसी वाढवली तर कर वाढतो. मग टर्बो लावा, आणि सिलिंडर चारऐवजी तीन करा. तीन सिलिंडरचं इंजिन आखूड असतं, आखूड बॉनेटखाली आडवं बसतं, घर्षण कमी. त्याची किंमत थरथरीत मोजावी लागते. चार सिलिंडरमध्ये क्रँकच्या दर १८० अंशांना एक स्फोट होतो, तिनात २४० अंशांना. शिवाय दोन टोकांचे पिस्टन इंजिनाला झोपाळ्यासारखं डोलवतात. फोर्डने ९९९ सीसीच्या इकोबूस्टमध्ये फ्लायव्हील मुद्दाम असमतोल करून हे डोलणं मारलं आणि १२५ पीएस काढली. नेक्सॉनच्या १,१९८ सीसीच्या टर्बोने ११० पीएस दिली.

ब्रेझाने २०१६मध्ये वेगळाच रस्ता घेतला होता: पेट्रोल नाहीच, फक्त १,२४८ सीसीचं डिझेल. हे इंजिन मूळ फियाटचं. २००७पासून स्विफ्टमध्ये, मग मारुती, टाटा, फियाट अशा कितीतरी गाड्यांत ते बसलं. शोरूममध्ये भांडणारे लोक कधीकधी एकाच इंजिनाच्या दोन गाड्यांसाठी भांडत असायचे. नेक्सॉनचं डिझेल १,४९७ सीसी, इकोस्पोर्टचं १,४९८. १,५०० च्या रेषेला पुन्हा दोन-तीन सीसी कमी.

आम्ही यांतली एक घेतली. कोणती ते सांगत नाही, कारण पुढचं तिच्या नावावर टाकावं असं काही नाही. त्या दिवाळीत आम्ही अॅव्हरेज, टॉर्क, डिकीचे लिटर, टचस्क्रीन, सर्व्हिसचा खर्च, रीसेल असं सगळं एक्सेल शीटमध्ये भरलं. शीट मी बनवली होती, रंग वगैरे देऊन. पहिल्यांदा कराडकडे गावी निघालो तेव्हा मागे एका बाजूला आजी, दुसऱ्या बाजूला मी आणि मधे धाकटी बहीण. तिने पट्टा शोधला. मधल्या जागेला खांद्यावरून येणारा पट्टा नव्हता, फक्त कमरेचा. "दादा, माझा अर्धाच आहे," ती म्हणाली आणि हसली. आम्हीही हसलो. बाबा हसले नाहीत. माझ्या शीटमध्ये सत्तावीस रकाने होते आणि त्यांत हा नव्हता.

महिन्याभरातच, डिसेंबर २०१८मध्ये, ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत नेक्सॉनला पाच तारे मिळाले. भारतात बनलेली अशी ती पहिली गाडी. पाचच वर्षांपूर्वी, जानेवारी २०१४मध्ये, त्याच संस्थेने भारतातल्या पाच लोकप्रिय गाड्या आपटून पाहिल्या होत्या आणि पाचही शून्यावर बाद झाल्या होत्या. त्या पाचही चार मीटरच्या आत होत्या. छोट्या गाडीसाठीच्या सवलतीने लांबी मोजली, सीसी मोजली. आत बसलेल्यांचं काय होईल, हे सवलत द्यायला कधीच विचारलं नाही. जे मोजलं ते कंपन्यांनी मिलिमीटरपर्यंत पाळलं, आणि मीही त्यांच्यासारखीच शीट भरली. भारत एनकॅप ऑक्टोबर २०२३मध्ये सुरू झालं, त्या फेब्रुवारीनंतर साडेसतरा वर्षांनी.

नियमाची सवय कशी हाडात शिरते ते त्यानंतर दिसलं. २०२०मध्ये बीएस-६ आलं, मारुतीने डिझेल सोडलं, ब्रेझाला १,४६२ सीसीचं पेट्रोल इंजिन बसवलं. १,२०० ची रेषा ओलांडली, सवलत गेली. तरी लांबी ३,९९५ च राहिली. त्याच वर्षी नेक्सॉन इलेक्ट्रिक झाली. तिला सीसीच नाही, आणि जीएसटी लांबी न बघता पाच टक्के. तरी तीही चार मीटरच्या आतच. इकोस्पोर्ट तर आता नाहीच. फोर्डने सप्टेंबर २०२१मध्ये इथलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं. पण तिने घालून दिलेला साचा व्हेन्यू, एक्सयूव्ही ३००, सोनेट अशा सगळ्यांनी वापरला. एक्सयूव्ही ३०० तर सांगयाँगच्या टिव्होलीला मागून सुमारे २० सेंटिमीटर कापून नाशिकला बनली. तिची डिकी २६० लिटरच्याही आत राहिली, नेक्सॉनची ३५० लिटर.

२२ सप्टेंबर २०२५पासून जीएसटीचे दर बदलले. छोट्या गाडीला १८ टक्के, बाकीच्यांना ४०. रेषा मात्र त्याच: ४,०००, १,२००, १,५००. दरी आणखी रुंद झाली. म्हणजे पुढची दहा वर्षंही आपल्या गल्लीतल्या गाड्या याच मापाच्या असणार.

आता मला माझी पहिली गाडी घ्यायची आहे. गेल्या आठवड्यात एका शोरूममध्ये बाबांना घेऊन गेलो. सेल्समन सनरूफ उघडून दाखवत होता. बाबांनी टेप आणली नव्हती. ते मागचं दार उघडून आत सरकले, मधल्या जागेवर बसले, खांद्यामागे हात घालून पट्टा ओढला आणि खट्ट करून लावला. मग सोडला, परत लावला.

"हा पुरा आहे," ते म्हणाले. "आता बाकीचं बघ."