गणित करणारा घोडा आणि डोळ्यांवर पट्टी बांधून वाचणारी मुलं

1904 साली बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा गाजत होता. "सात आणि पाच किती?" विचारलं की पठ्ठ्या बरोबर बारा वेळा खूर आपटून थांबायचा. अपूर्णांक, तारखा, घड्याळ, सगळं यायचं त्याला. मालक विल्हेल्म फॉन ओस्टेन हे निवृत्त गणित शिक्षक. खेळ दाखवायचे एक पैसाही घेत नसत. आणि ते जवळ नसताना परक्यानं विचारलं, तरी हान्सची उत्तरं बरोबर यायची. मग लबाडी शोधायची कुठे?

सप्टेंबरमध्ये तपासणी झाली. मानसशास्त्रज्ञ कार्ल श्टुम्फ आणि त्यांच्यासोबत सर्कसवाले, शिक्षक, प्राण्यांचे जाणकार असे 13 जण. निकाल आला: यात कसलीही चलाखी नाही.

निकाल खरा होता, पण अर्धाच. फसवणूक नाही हे कळलं. घोड्याला उत्तर कळतं कुठून, हे राहिलंच.

ते काम श्टुम्फ यांच्या हाताखालच्या ऑस्कर फुंग्स्ट यांनी केलं. पद्धत साधी होती: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं, आणि हे पुन्हा पुन्हा करून आकडे मांडायचे. घोड्याला आकड्याचं कार्ड दाखवायचं. कधी विचारणाऱ्यानं ते आधी बघायचं, कधी बघायचंच नाही. बघितलं असेल तर हान्सची उत्तरं जवळपास सगळी बरोबर. बघितलं नसेल तर बहुतेक सगळी चूक! बेरजेसाठी दोघांनी घोड्याच्या कानात एकेक आकडा कुजबुजायचा, म्हणजे एकूण किती हे कुणालाच ठाऊक नाही. तिथेही हान्स फसला. डोळ्यांना झापडं लावून विचारणारा दिसेनासा केला, तरी तेच.

उलगडा असा: बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित वर व्हायचं. हान्स तेवढं बघून थांबायचा. स्वतः फॉन ओस्टेननाही याचा पत्ता नव्हता.

म्हणूनच आज औषधांच्या चाचण्यांत कुणाला खरं औषध मिळालं आणि कुणाला नुसती गोळी, हे शक्यतो रुग्णालाही सांगत नाहीत आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही. माणूस प्रामाणिक असला तरी त्याची अपेक्षा निकालात शिरते.

आता आपल्याकडे या. 'मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन'च्या नावाखाली मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून वाचून दाखवणारे क्लास आठवतात ना? हॉलभर पालक टाळ्या वाजवतात आणि तिथेच फी भरतात. विवेकवादी कार्यकर्त्यांनी काय केलं? नाकाजवळची फट बंद केली. वाचन थांबलं. बस्स, एवढाच प्रयोग!

नुकसान फक्त पैशांचं नाही. फटीतून बघून "मला दिसत नाही" म्हणायला मूल तिथे शिकतं, आणि आईबाप त्याचं कौतुक करतात.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी म्हणालं, "अहो, मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय", तर भांडू नका. एवढंच विचारा: उत्तर कुणालाच माहीत नसताना करून पाहिलंय का?